सुहासचं लायसन्स

सुहासच्या पिंडाला कावळा शिवेना.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. मी इथे फारसं लिहीत नाही. पण हे कुठेतरी लिहायला हवं.

रत्नागिरीत आमचं छोटं ऑफिस. आंबा पॅकिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. मी आणि सुहास शेजारी बसायचो. मालक नाना.

सगळा कोड एका शेअर्ड फोल्डरमध्ये. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच फायनल'. एकाने सेव्ह केलं की दुसऱ्याचं काम पुसलं जायचं. ऐन सीझनमध्ये सुहास ते परत लिहीत बसायचा.

प्रत्येक बदल जपणारं, चूक आधीच दाखवणारं एक टूल त्याने ट्रायलवर लावलं. ट्रायल संपली. मग ते विकत घ्या म्हणून तो नानांच्या मागे लागला.

नाना कधीच 'नाही' म्हणाले नाहीत. म्हणायचे, "घेऊ रे. सीझन होऊ दे."

सीझन झाला की पाऊस. पावसानंतर गणपती.

सुहास दर वेळी शांतपणे विचारायचा, "घेऊ म्हणजे कधी, नाना?"

मग एका सकाळी हार्ट अटॅकने तो गेला.

दहाव्याला आम्ही समुद्राकाठी होतो. सुरूच्या झाडांवर कावळे भरपूर. एकही ओरडत नव्हता. नुसते बघत होते.

वहिनी म्हणाल्या, मुलीचं शिक्षण पूर्ण करीन. त्याच्या भावाने आईला सांभाळायचा शब्द दिला.

एकही खाली येईना.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात नाना पुढे झाले. हात जोडले.

"सुहास, तुझं ते सॉफ्टवेअर घेऊ रे."

एक कावळा उतरला. पिंडाजवळ आला. मान वाकडी करून नानांकडे बघत थांबला.

शिवला नाही.

मी मागे उभा होतो. चार माणसांत मी सहसा बोलत नाही. पण माझ्या तोंडून निघालं,

"घेऊ म्हणजे कधी, नाना?"

आवाज माझा होता. विचारायची पद्धत त्याची.

नानांनी वळून बघितलं. चेहरा पांढराफटक.

"सोमवारी," ते म्हणाले.

कावळ्याने पिंडात चोच घातली.

सोमवारी लायसन्स आलं. सुहासच्याच मशीनवर लायसन्स-की टाकली. ट्रायलच्या वेळी त्याने आमचं सगळं काम त्यात नीट लावून ठेवलं होतं. जणू फक्त उघडायचं बाकी होतं.

स्क्रीनवर आलं: 'वेलकम बॅक, सुहास.'



ते नाव आम्ही बदललेलं नाही. रोज सकाळी ते मशीन नाना स्वतः सुरू करतात. खिडकीबाहेरच्या माडावर कधी कधी एक कावळा असतो. मी तिकडे बघत नाही.

यंदाच्या सीझनला कोणाचंच काम पुसलं गेलं नाही, मित्रा.

आता निवांत जा.