खोक्यातलं युगलगीत

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाचं डोकं थंड असावं, हे ठीकच आहे. पण याचं इतकं थंड होतं की सगळी गल्ली त्याला थंडोबा म्हणायची आणि बायकोचा त्याला मनातून पाठिंबा होता. गिऱ्हाईक भांडायला आलं की हा आधी पाण्याचा ग्लास पुढे करायचा. ते ओरडून ओरडून दमलं की विचारायचा, "बरं, आता सांगा, गळतंय कुठून?" अशा माणसाच्या वाट्याला दोन गाणाऱ्या बहिणी आल्या. धाकटी बायको म्हणून आणि थोरली खालच्या मजल्यावर. आणि वर्ष होत आलं तरी दोघींचा एकमेकींशी एक शब्द नाही.

दोघी कराओके क्लबच्या लाडक्या. थोरली गाडी चालवायला शिकवायची, धाकटी डोळ्यांच्या दवाखान्यात नावं नोंदवायची, आणि दर शनिवारी दोघी मिळून क्लब डोक्यावर घ्यायच्या. एका शनिवारी ऐन रंगात आलेल्या गाण्यात थोरलीच्या माइकचा सेल संपला. ती बिचारी नुसती तोंड हलवत राहिली आणि धाकटीने तिच्याही ओळी गाऊन गाणं तडीस नेलं. टाळ्या एकटीला पडल्या. थोरलीचं म्हणणं, सख्खी बहीण असती तर थांबली असती. धाकटीचं म्हणणं, थांबले असते तर गाणं आपटलं असतं. थंडोबाला दोघींचंही पटायचं, तिथेच पंचाईत होती. त्या दिवसापासून जिन्यात समोरासमोर आल्या की दोघी अगदी निरखून भिंतीचा रंग बघायच्या. घर चिडीचूप झालं. ज्या बायकोचा रियाज सुरू झाला की हा हळूच चपला घालायचा, तिने आता भांडी घासताना तरी गुणगुणावं म्हणून तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत राहायचा.

तेही त्याने निभावून नेलं असतं, पण सासूबाई होत्या. त्या थोरलीकडे राहायच्या आणि त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. मध्यंतरी मागून दुधाची गाडी येत होती, हॉर्नवर हॉर्न वाजत होता, आणि सासूबाई तिच्यापुढून रमतगमत चालल्या होत्या. थोडक्यात वाचल्या. डॉक्टरांनी कानातलं मशीन दिलं, ते डबीतच राहिलं.

"घालू कशाला?" त्या म्हणाल्या. "ऐकण्यासारखं आहे काय या घरात? दोघी एकत्र गातील त्या दिवशी घालीन." एवढं बोलून त्या पुन्हा त्याच रस्त्याने फिरायला निघाल्या. थंडोबा चपला घालून त्यांच्या मागोमाग निघाला.

एका गिऱ्हाइकाच्या घरी फ्रीजचा गॅस भरता भरता त्याला युक्ती सापडली. तिथला मुलगा घरीच गाणी रेकॉर्ड करायचा. तो म्हणाला, दोघांनी एका वेळी गायलाच पाहिजे असं कुठंय? एकाचं आज घ्या, दुसऱ्याचं उद्या, मग फोनवर जोडा. सुरुवातीला फक्त एकेक टाळी वाजवून घ्या; टाळीवर टाळी बसवली की गाणंही जागेवर बसतं. थंडोबा जवळजवळ नाचतच घरी आला. दोघींना त्याने वेगवेगळं गाठून विचारलं. आईसाठी दोघीही तयार झाल्या, आणि दोघींनी एकच अट घातली. "तिचं तोंड बघणार नाही."

आता खोली शांत हवी. थंडोबाने दोन दारांच्या फ्रीजचं मोठं खोकं आणलं, त्याला आतून जुन्या रजया टाचल्या आणि खुर्ची ठेवून बायकोला त्यात बसवलं. खोक्यावर छत्रीचं चित्र, बाण, आणि 'ही बाजू वर'.

"अहो, मी काय पार्सल आहे?" आतून आवाज आला.

"हलू नकोस. माइक पडेल."

पहिल्या खेपेला त्याने संगीत स्पीकरवर लावलं. रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं दणदणीत आणि बायको पुसट. मग त्याने संगीत इअरफोनमधून तिच्या कानात सोडलं. इअरफोनही वायरचे घ्यावे लागले, कारण बिनवायरच्यांत ते किंचित उशिरा पोचायचं आणि ती गाण्याच्या मागे धावत सुटायची. घरातला फ्रीज गुरगुरत होता, तो बंद केला. दुसऱ्या दिवशी दूध नासलं, आणि फ्रीजवाल्याच्या घरी दूध नासलं म्हणून शेजारीण आठवडाभर हसली.

पण त्या दिवशी काय झालं! संगीत तिच्या कानात, त्यामुळे खोक्याबाहेर फक्त तिचा आवाज. वाद्य नाही, क्लबमधला घुमारा नाही, नुसती ती. वर्षभराने. थंडोबा फरशीवर बसून ऐकत राहिला आणि त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"झालं?" तिने बाहेर डोकं काढलं.

"तुझं झालं. माझं बटण दाबायचं राहिलं."

त्यानंतरचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. तिने पुन्हा गायलं, आणि सासूबाई दिवसभर भावाकडे गेल्यात ही संधी साधून थंडोबा खोकं डोक्यावर घेऊन खाली गेला.

थोरलीने टाळी वाजवली ती कानशिलात दिल्यासारखी. धाकटीचा आवाज कानात घेऊन तिने आपल्या ओळी म्हटल्या आणि मध्येच थांबली. "भाऊजी, बघितलंत? हा सूर मुद्दाम लांबवलाय. माझी ओळ खायला! थांबा, आता माझं ऐका." तिने आपला सूर असा ओढला की खोकं थरथरलं. वर धाकटीने ते ऐकलं. "असं का? लावा माझं परत." मग खोकं वर. मग खाली. थोरलीने एक हरकत घातली, धाकटीने दोन घातल्या. थोरली म्हणाली, "तिला सांगा, हे गाणं आहे, शर्यत नाही." धाकटी म्हणाली, "तिला सांगा, ब्रेक मारायची सवय गाडीत ठेव." थंडोबा काहीच सांगायचा नाही. घामाघूम होऊन जिना चढायचा, उतरायचा, आणि मनातल्या मनात गुदगुल्या झाल्यासारखा हसायचा, कारण दोन्ही मजल्यांवर दिवसभर गाणं चाललं होतं. शेजारीणसुद्धा जिन्यात खुर्ची टाकून बसली.

शेवटी त्याने खोकं उलटं करून ठेवलं, बाण खाली, आणि जाहीर केलं, "आता जे आहे ते आहे." टाळीवर टाळी बसवली. गाणं जुळलं, अगदी सुबक जुळलं.

आईने मशीन घातलेलं दोघींनाही बघायचं होतं. धाकटी खाली आली, पण दारातच उभी राहिली. थोरली खिडकीशी, पाठ करून. सासूबाईंनी डबी उघडली, मशीन कानात बसवलं आणि थंडोबाने गाणं लावलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. गाणं संपलं.

"गोड झालंय," त्या म्हणाल्या. "पण या दोघी एका खोलीत नव्हत्या."

थंडोबाने घाईघाईने फोन खाली ठेवला. "कशावरून, आई?"

"एकत्र गाताना धाकटी पुढे पळते. मग थोरली तिला कोपर मारते आणि हिचा सूर जरासा डगमगतो. लहानपणापासूनचं आहे. यात कुणीच डगमगलं नाही. दोघी आपापलं गायल्या, झालं." आणि त्यांनी मशीन काढायला कानाकडे हात नेला.

"हात खाली घ्या!"

खिडकीची काच हलली म्हणतात. ओरडला होता थंडोबा. गल्लीत कुणी, घरात कुणी, त्याच्या आईनेसुद्धा त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "ते कानातच ठेवा! त्या दिवशी गाडीचा हॉर्न गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला, तुम्हाला नाही! परत गाडी येईल, आणि या दोघी कुणाचा सूर लांब ते मोजत बसतील! मी खोकी उचलीन, जिने चढीन, काय वाट्टेल ते करीन, पण तुम्हाला रस्त्यावरून उचलून आणणार नाही मी!"

थंडोबा स्वतःच घाबरून उभा होता. थोरलीने सावकाश मान वळवली, थेट धाकटीकडे.

"हा ओरडतो?"

"मला काय माहीत?" धाकटी म्हणाली. "मीसुद्धा आज पहिल्यांदाच ऐकलं."

थोरलीला हसू आवरेना. धाकटीने तोंडावर हात दाबला, पण तिलाही फुटलंच. मग हसता हसता थोरली म्हणाली, "तरी त्या दिवशी तू थांबायला हवं होतंस," आणि धाकटी म्हणाली, "सेल बदलून आणायला तुला काय झालं होतं?" आणि दोघी एकमेकींच्या अंगावर धावून गेल्यासारख्या एकाच वेळी बोलायला लागल्या. वर्षभराचं तुंबलेलं सगळं एकदम, रडत, हसत, एकमेकींची वाक्यं तोडत. थंडोबा मध्ये पडून हातवारे करत ओरडत होता, "अगं, हळू! एकेकीने बोला, एकेकीने!"

सासूबाईंनी कानाकडे नेलेला हात मांडीवर ठेवला.

"जावईबापू, तुम्हीच जरा हळू बोला," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतंय."