अण्णांनी मागितलेलं मत

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका लोकांना विचारून विचारून जेरीस आणणारा माणूस बेळगावपासून बंगलोरपर्यंत दुसरा झाला नसेल. सगळी वसाहत त्यांना अण्णा म्हणे. बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदारी करण्यात जन्म गेल्यामुळे, समोरच्याचं ऐकून घेतल्याशिवाय काही ठरवणं त्यांना पापासारखं वाटे. एकदा आगगाडीत खिडकीतून पाऊस आत येऊ लागला, तेव्हा खिडकीशी बसलेले अण्णा ती लावायचं सोडून "लावू का?" असं बाकाबाकापाशी विचारत फिरले, सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत सगळ्यांच्या वळकट्या भिजल्या होत्या. सोवळंही तसंच कडक. कुणाकडे चहाला गेले, की हात धुण्याच्या निमित्ताने आधी त्या घरची मोरी पाहून येत, आणि बऱ्याचदा परत येऊन "आज माझा उपास आहे" म्हणत.

त्या उन्हाळ्यात बंगलोरजवळ होसकोटे रस्त्यावरच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीचं तळं आटलं. मी तिथेच नोकरीला लागून ताईकडे राहत होतो, आणि पेन्शनीत निघाल्यावर अण्णाही तिथेच आले होते. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी वर्षभर खपून पाणी शुद्ध करायचं यंत्र उभं केलं होतं. न्हाण्या-मोऱ्यांतून वाहून जाणारं पाणी वाळूतून आणि कोळशातून गाळायचं, औषध घालायचं आणि पुन्हा पिण्याच्या टाकीत सोडायचं. सोमवारपासून हे पाणी नळाला येईल, अशी नोटीस लागली. अण्णांनी ती वाचली, घरी येऊन टोपी चढवली आणि तडक मॅनेजरांच्या कचेरीत गेले. जे पिणार त्यांचं मत घेतल्याशिवाय नळ सोडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मत घरटी एक नको, पाणी भरणाऱ्या बायकांचंही हवं.

त्या दिवसापासून बापलेकांची ताटं एका पंगतीला लागेनात.

"अण्णा, पाणी मी तपासलंय. यात मत कसलं घ्यायचं?" भावोजींनी विचारलं.

"तपासलंस तू," अण्णा म्हणाले. "पिणार ते आहेत."

मॅनेजर आधी हसले, मग चिडले. पण अण्णा रोज सकाळी त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसू लागले, तेव्हा कंटाळून त्यांनी मतदानाला रविवार नेमून दिला. भावोजींना मात्र आत बोलावून सांगितलं, की लोक नाही म्हणाले तर यंत्र मोडीत जाईल आणि तुमची बदली होईल. ताईने हे ऐकलं, तरी सासऱ्यांना पूर्वीसारखंच वाढत राहिली. इकडे शहरातून येणारी टाकीची गाडी एक दिवस यायची, दोन दिवस यायची नाही. गाडीच्या नळावर एकीची घागर फुटली, दुसरीचं कपाळ. लोक आमच्या दाराकडे बघत जाऊ लागले. समोरच्या कानडी आजी तर रिकामी कळशी घेऊनच आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प लवकर करा, सरी?" म्हणजे जरा लवकर, बरं का. अण्णांनी मान खाली घातली, पण हट्ट सोडला नाही.

रविवारी शाळेच्या खोलीत वसाहत जमली. भावोजींनी सगळं समजावून सांगितलं, बायकांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी कुणीतरी अण्णांनाच उठवलं. ते म्हणाले, "मी नको म्हणणार आहे. हे पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही. पण तुमचा घसा तुमचा. तुम्ही तुमचं ठरवा." भावोजींचा चेहरा पांढरा पडला. मग बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. थोड्या मतांनी का होईना, पाणी जिंकलं.

सोमवारी नळ सुटला आणि एक गंमत झाली. हो म्हणणारे सगळे हंडे-कळश्या घेऊन उभे, पण पुढे कुणीच होईना. भावोजी कारखान्यातून धावत आले तर नळ नुसता वाहत होता. तेवढ्यात आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून अण्णा आले आणि त्यांनी तांब्या नळाखाली धरला.

"अण्णा, तुम्ही नका पिऊ," भावोजी हळूच म्हणाले. "तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

"विचारा म्हणून मीच सांगितलं. लोकांनी उत्तर दिलं. आता माझ्यापुरतं ते खोटं कसं करू?"

त्यांनी डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. घोट अडकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण उतरला. भावोजींनी त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि उरलेलं उष्टं पाणी ते स्वतः प्याले. मागे हंड्यांची रांग सरकू लागली.

पुढे पाऊस चांगला झाला, तळं भरलं आणि एक दिवस यंत्र बंद केल्याची नोटीस लागली. सगळ्यांना बरंच वाटलं. आम्ही जेवत होतो. अण्णांनी हात धुतला, टोपी घातली आणि छत्री घेतली.

"बंद करताना कुणाला विचारलं का?" एवढंच म्हणाले आणि निघाले.

या वेळी वसाहतीतलं कुणी त्यांच्याबरोबर नव्हतं. भावोजी ताटावरून उठले, चपला घातल्या आणि भराभर चालत त्यांच्या छत्रीत शिरले. ताई आणि मी दारात उभे राहून पाहत होतो. छत्री एकाच्याच बेताची होती. दोघांचाही एकेक खांदा भिजत होता.

आता दोघंही नाहीत. कचेरीत त्या दिवशी काय ठरलं ते मला आठवत नाही. पण चालताना दोघं एकमेकांकडे वळून काहीतरी बोलत होते. काय बोलत होते, ते विचारायचं राहून गेलं.