कंट्रोलमावशी

झाडपाल्याच्या औषधाला कुणी ‘निर्दोष’ म्हटलेलं कंट्रोलमावशीला खपत नसे. हातातली काच तशीच ठेवून ती फणकारायची, “धोतरा का कारखान्यात बनते?”

गोंदियाच्या आमच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती ठेकेदाराकडून लागली होती. सौंदडहून रोज गाडीनं यायची, काचेची भांडी धुवायची, निर्जंतुक करायची. शिक्षण आठवीपर्यंतचं, पण नजर आमच्या वह्यांपेक्षा पक्की.

‘कंट्रोलमावशी’ हे नाव माझ्यामुळे पडलं. प्रबंधासाठी सालेकशाच्या जंगलातल्या एका झाडाच्या सालीचा स्पिरिटमध्ये काढलेला अर्क मी तपासत होते. जंतू पसरलेल्या बशीतल्या जेलीत छिद्र पाडून तो भरला. दुसऱ्या दिवशी छिद्राभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं! मी नाचायचीच बाकी होते. मावशीनं विचारलं, “नुसत्या स्पिरिटचं छिद्र कुठं हाये? कंट्रोल काऊन नाई ठेवला? जंतू तुह्या सालीनं मेले का स्पिरिटनं, कसं समजन?”

मी चिडले, पण प्रयोग पुन्हा केला. निम्म्याहून जास्त करामत स्पिरिटची निघाली. सालीची थोडी उरली, तेवढीच खरी होती.

त्या थोड्या यशावर विभागप्रमुख सरांनी मलम तयार करवलं आणि सालेकशाकडच्या एका गावात शिबिरही ठरवलं. पोरांच्या चिघळलेल्या फोडांना फुकट मलम, पेपरात फोटो. सुरक्षिततेची चाचणी मात्र राहूनच गेली होती. मी रक्ताच्या पेशी मिठाच्या पाण्यात घेऊन त्यात अर्क टाकला; या वेळी शेजारी नुसत्या स्पिरिटची नळीही ठेवली. पेशी धड राहिल्या असत्या तर खाली बसल्या असत्या, वर पाणी नितळ दिसलं असतं. स्पिरिटची नळी नितळ राहिली, अर्काच्या नळ्या वरपासून खालपर्यंत लालभडक झाल्या. पेशी फुटल्या होत्या.

“हे पान वहीतून काढ,” सर म्हणाले. “लावायचं औषध आहे, प्यायचं थोडंच?”

“सर, फोड फुटला का आत रक्तच असते ना?” मावशी सिंकपाशी उभी होती.

“तुम्हाला काचा धुवायला ठेवलंय. त्या नळ्या ओतून टाका.”

तिनं ओतल्या नाहीत. नळ्यांचा स्टँड उचलला आणि थेट प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सर आणि मी मागोमाग धावलो. “हे औषध लहान पोट्ट्यांच्या जखमांले लावाले निघाले,” ती म्हणाली. “पोट्टे हायेत ते, बशा नाईत!”

प्राचार्यांनी विचारलं, “ही चाचणी कुणी केली?”

सर माझ्याकडे बघत होते. माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडलेला. मी फरशीकडे बघत राहिले.

“म्या केली,” मावशी म्हणाली.

शिबिर गुपचूप रद्द झालं. मावशीला आठवड्याभरात काढलं. कारण काय, तर ‘प्रयोगात ढवळाढवळ’! पान फाडायला सांगणाऱ्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. पुढं त्याच कॉलेजात सरांचा ‘वनौषधी संशोधक’ म्हणून सत्कार झाला, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा मी सौंदडला गेले. ती दुसऱ्याच्या शेतातल्या बांधीत धान लावत होती. चिखलाच्या हातांनीच तिनं मला बांधावर बसवलं.

“रागावली असशील माझ्यावर.”

“तुह्यावर कायले? तुही डिग्री बाकी होती,” ती म्हणाली. मग एकदम आवाज चढला, “पन त्या सराले कोनी काऊन नाई इचारलं वं?”

परत येऊन मी प्रबंध सादर केला. आभाराच्या पानावर पहिलं नाव सरांचं आहे. मावशीचं कुठंच नाही. ते पान मला कुणी सांगून लिहायला लावलं नव्हतं.