अडवलेली उत्तरं

नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही — ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघाली नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. बघा, भित्रेपणा इथूनच सुरू झाला.

मी अकोल्याची. माहेर अमरावतीचं, पण इथे येऊन जन्म गेला. मुलं पुण्याला निघून गेली, घर खायला उठलं, तेव्हा मोबाईलवर मी बायकांचा एक गट काढला. कोणीही काहीही विचारावं, बाकीच्यांनी उत्तरं द्यावी. नाव न सांगता विचारायचीही सोय होती. वाढला हो गट! बाळापूर, अचलपूर, यवतमाळ, कुठून कुठून बाया आल्या. मग एकदा वांग्याच्या भाजीत गूळ घालावा का, यावरून अशी जुंपली की एकीने दुसरीचं माहेर काढलं. तेव्हापासून मी नियम केला — उत्तरंसुद्धा आधी माझ्याकडे येतील, मी पास केलं तरच दिसतील. भाषा सभ्य पाहिजे, कोणाचं घर फोडायचं नाही, वगैरे. बाया म्हणायच्या, ताई, तुमच्यामुळे इथे शिस्त आहे. किती गोड वाटायचं मला! घरात मला कोणी विचारत नव्हतं, इथे माझ्याशिवाय पान हलत नव्हतं.

एक गोष्ट मात्र बायांना ठाऊक नव्हती. नाव लपवून विचारलं तरी गट चालवणारीला नाव दिसतं. मी ते कधी सांगितलं नाही. काहून सांगू? सांगितलं असतं तर विचारलं कोणी असतं?

एका दुपारी असाच बिननावाचा प्रश्न आला. सासूबाईंना लकवा मारलाय, अंथरुणावर आहेत, सगळं मीच करते. लग्नाआधी नर्सिंग केलं होतं. आता सरकारी दवाखान्याची ऑर्डर आलीय, अचलपूरची. वयाची अट आहे, पुन्हा संधी नाही. नवरा म्हणतो, तुझं तू पाहा. नणंद एकच आहे, स्वभावाने चांगली, घरही मोठं — पण 'आईंना तुमच्याकडे न्या' असं तिला म्हणायची हिंमत होत नाही. मी जाऊ का?

मला नाव दिसत होतं. वैशाली. माझ्या धाकट्या भावाची बायको, मीच गटात आणलेली. मी वाचेन हे तिला ठाऊक होतं, नाव दिसेल हे नव्हतं.

ती नणंद म्हणजे मी. त्या सासूबाई म्हणजे माझी आई.

तुम्हाला वाटेल, मी प्रश्नच दाबला. नाही. दाबला असता तर बरं झालं असतं, तिने दुसरीकडे कुठे तरी विचारलं असतं. मी तो पास केला. मोठ्या मनाची ना मी! खरं सांगू? मला खात्री होती, सगळ्या म्हणतील — आजारी सासूला टाकून कुठे जातेस गं?

आणि झालं काय? धडाधड उत्तरं यायला लागली — जा. जा गं बाई, मागे पाहू नको. त्या नणंदेला काय देवघरात बसवून ठेवलंय? बाळापूरच्या शबानाने लिहिलं, "बहन, नोकरी सोडू नको. सास तेरी अकेली की थोडी है, तिच्या लेकीचीबी माय हाये ना ते." वाचलं आणि माझी कानशिलं तापली.

मी ते अडवलं. मग त्याच्या खालचं अडवलं. मग — 'जा' म्हणणारं एकेक. प्रत्येकीला तयार निरोप पाठवला, 'कौटुंबिक कलह वाढवणारा प्रतिसाद. कृपया शालीनता पाळा.' शबानाने विचारलं, "ताई, मैंने गलत क्या बोला?" मी उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलं नाही. ती गट सोडून गेली.

'राहा' म्हणणाऱ्या थोड्याच होत्या. सेवा, पुण्य, घराण्याचं नाव — तेच ते. त्या सगळ्या पास केल्या. आणि खाली मीच लिहिलं, चर्चा पुरेशी झाली, सर्वांचं मत स्पष्ट आहे, प्रश्न बंद करत आहे. सर्वांचं मत! अगं भवाने, कोणाचं मत?

काहून केलं मी असं? इथे आलं की मी अडखळते. जागा बदलली तर आईलाच त्रास होईल, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं — खोटं. घरात अडचण होईल — तेही खोटं, वरच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. मला आईचं करायचं नव्हतं. बस, एवढंच. तिचं हगणं-मुतणं, तो वास, त्या सारख्या हाका. जिने माझं सगळं काढलं, तिचं काढायला मला नको होतं. आणि 'नको' म्हणायची लाज वाटत होती, म्हणून ते गावोगावच्या बायांच्या तोंडून वदवून घेतलं.

दोन-चार दिवसांत वैशालीचा फोन आला. "ताई, मी नाही जात अचलपूरले. लय जणींले विचारलं मी. एक तरी बाई जाय म्हणन असं वाटलं होतं मले. एकीनंबी नाही म्हटलं." रडत नव्हती. रडली असती तर मी बोलले असते कदाचित — नाही, नसते बोलले. मी म्हटलं, "बरं केलं. आईचे आशीर्वाद लागतील तुले."

जीभ कशी झडली नाही माझी?

आई पुढे काही वर्षं होती. मी सणावाराला संत्री घेऊन जायची, तासभर पलंगाशी बसायची. आई वैशालीकडेच पाहत असायची. आई गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, सून असावी तर अशी. सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं. वैशाली मोरीत नुसती हात धूत उभी होती. वयाची अट केव्हाच उलटून गेली होती. एका खासगी दवाखान्यात विचारून आली, तर इतकी वर्षं काम सोडलेली बाई नको म्हणाले. आता ती घरीच असते. भिशीला जात नाही, कुठे येत-जात नाही, कशातच तिचा जीव लागत नाही. माझ्या गटावर तेवढी रोज असते. फार विश्वास आहे तिचा त्या गटावर.

सांगावंसं वाटलं का कधी? वाटलं. एकदा त्यासाठीच अमरावतीला गेले. तिने चहा ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "ताई, काही बोलाचं होतं का?" मी म्हटलं, साखर कमी टाक.

मागच्या आठवड्यात एका पोरीने गटावर विचारलं. सासरे आजारी आहेत, परगावी नोकरी लागलीय, जाऊ का? पहिलं उत्तर वैशालीचं आलं, स्वतःच्या नावाने. "घरीच राहा बाई. मलेबी जावंसं वाटलं होतं. पण मी इथंच विचारलं, तवा एकही जण जा म्हणाली नाही. एवढ्या बायांले जे समजते, ते आपल्या एकटीले समजत नसते."

ते माझ्याकडे पास व्हायला आलं होतं. अडवलं असतं तर तिने विचारलं असतं, काय चुकलं ताई माझं? मी ते पास केलं. थोड्या वेळाने त्या पोरीने खाली लिहिलं — बरं ताई, नाही जात मग.