पासपोर्टातला अंगारा

नूतनीकरणासाठी जुना पासपोर्ट उघडला, तर पानांमधून चिमूटभर राख टेबलावर सांडली. धुपाचा वास आला आणि मी पुन्हा मलेशियाच्या विमानतळावर जाऊन उभा राहिलो.

ती माझी पहिली परदेशवारी. तिकीट इतकं स्वस्त की विमानात पाणीसुद्धा विकत; पण कराडच्या चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स झळकत होता. त्यावर मला दुसऱ्याच कोणाचा तरी कोट चढवलेला. निघताना आईनं ग्रामदैवताच्या अंगाऱ्याची पुडी माझ्या खिशात कोंबली.

"इमान लय उंच जातंय म्हणं. बसल्या बसल्या कपाळाला लाव."

मी अंगारा लावणाऱ्यांतला नव्हे. तिला मात्र दरवेळी "लावला" म्हणून सांगायचो.

तिथल्या तपासणीत अधिकाऱ्यानं ती पुडी उघडली. त्याच्यामागं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की अमली पदार्थ आणणाऱ्याला फाशी होईल.

"हे काय आहे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

राखेचा इंग्रजी शब्द मला येत होता, पण तोंडातून फुटेना. शेवटी मी पुडीत बोट बुडवलं, कपाळावर आडवा पट्टा ओढला आणि हात जोडले. अधिकाऱ्याला जोडले की देवाला, हे अजून ठरलेलं नाही. तो हसला. उरलेली पुडी त्यानं माझ्या पासपोर्टात ठेवली आणि मला जाऊ दिलं.

फोन लागताच आईनं विचारलं, "लावलास न्हवं रं अंगारा?"

"लावला," मी म्हणालो. पहिल्यांदाच ते खरं होतं.