एकोणचाळिसावा पाळणा

सिंगापुरातल्या ओळखीच्या मराठी घरात बारसं ठरलं, की केटररच्याही आधी फोन जायचा प्रियदर्शिनी रणपिसेंना. बाळाचं नाव, आईबापाची नावं आणि आजोळ एवढं कळवायचं, चार दिवसांत म्हणायला नवाकोरा पाळणा लिहून हजर. असे अडतीस झाले होते. बाई चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सिस्टिम सांभाळायच्या आणि राहायच्या पार दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला. जायला दीड तास, यायला दीड तास. "तुम्हाला वेळ कधी मिळतो हो?" असं कुणी विचारलं, की बाईंची कळी खुलायची. खरं सांगायचं तर पाळण्याचा साचा एकच होता, नावं तेवढी बदलायची. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बारशाला लोक जेवायला येतात.

एकोणचाळिसावा मात्र स्वतःच्या नातीचा होता. लेक अदिती मेलबर्नला. नवरा नरेश जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बाई एकट्याच. मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा त्या विमानाची वेळ बघायलाच बसल्या होत्या.

"आई, आत्ता नको येऊस. विनीताआई आहेत ना इथे. खूप गर्दी होईल लाह. जुलैमध्ये ये, ओके? पण पाळणा तुझाच हं. व्हिडिओवरून म्हण."

विनीताआई म्हणजे अदितीच्या सासूबाई, आणि 'लाह' ही तिची सिंगापुरी सवय. बाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी विमानाच्या वेळांचं पान बंद केलं. त्यांना ते फार लागलं. त्या घरात आपल्याला जागा ती तीन मिनिटांच्या गाण्यापुरती. मग ते गाणं तरी असं व्हायला हवं, की पोरीला आईची आठवण यावी.

नेमकी तेव्हाच त्यांची ब्लॉक लीव्ह आली. बँकेचा नियमच तसा: वर्षातून एकदा सलग दहा दिवस घरी बसायचं. कार्ड बंद, लॅपटॉप बंद. माणूस जागेवरून हलला, की त्याच्या कामातल्या भानगडी आपोआप वर येतात, असा त्यामागचा विचार. सुट्टीच सक्तीची असल्यावर माणसाने तरी काय करावं? बाईंनी पहिल्याच सकाळी वेळापत्रक केलं. नऊ ते अकरा पाळणा, अकरा ते एक कपाटं, दोन ते चार पुन्हा पाळणा. मदतीला गजर.

गुरुवारपर्यंत कपाटं लख्ख झाली आणि पाळण्याचे सहा खर्डे केरात गेले. प्रत्येक ओळ ओळखीची निघे. ही प्रबोधच्या मुलाला दिलेली, ती राधिकाच्या जुळ्यांना. बारसं रविवारी. बाईंना रडू यायला लागलं, पण रडायचं तरी कुणासमोर? गजर वाजला तसा त्यांनी तो बंद केला, चपला घातल्या आणि खाली उतरल्या.

ब्रेड आणायचा म्हणून एलआरटीत बसल्या, आणि उतरल्याच नाहीत. ही छोटी गाडी बुकित पंजांगलाच गोल फेरी मारते, न उतरणाऱ्याला ती निमूटपणे पुन्हा फिरवून आणते. इमारती अगदी जवळ आल्या, की लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून काचा आपोआप धूसर होतात. पहिल्या फेरीत बाईंना अपराधी वाटलं, दुसऱ्या फेरीत भूक लागली. तिसऱ्या फेरीत डोक्यात काहीसुद्धा नव्हतं, समोर नुसती पांढरी काच. आणि आपण काहीतरी गुणगुणतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

सूर त्यांचा नव्हता. तो मकचिक रोहानीचा होता. मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. तीन दारं सोडून राहणारी ही म्हातारी अदितीला सहाव्या महिन्यापासून शाळेत जाईपर्यंत सांभाळायची. संध्याकाळी बाई लेकीला न्यायला यायच्या तेव्हा ऑफिसचा फोन कानाला असायचा. जाळीच्या दाराबाहेर उभ्या राहून त्या बोलणं पुरं करायच्या आणि दुसऱ्या कानाने हा सूर ऐकायच्या. फोन संपेपर्यंत पोर झोपलेली असायची. झोपलेलं मूल खांद्यावर टाकून घरी न्यायचं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं आईपण.

त्या सुरावर शब्द आले. बाई स्टेशन मोजायचंही विसरल्या.

*नीज गं सोने, नाही कुणा घाई,*
*आज कुठे कुणाला जायचंच नाही.*

रविवारी बाईंनी पाळणा म्हटला. तिकडे बायकांनी टाळ्या वाजवल्या, मग पानं वाढली गेली आणि फोन बंद झाला. बाईंनी दहीभात कालवून घेतला. त्यांना वाटलं, झालं, एवढंच होतं.

चारच्या सुमारास अदितीचा पुन्हा फोन आला. पाहुणे गेले होते, ती सोफ्यावर आडवी झाली होती, डोळे ओढलेले.

"आई, ती ट्यून मकचिकची ना? तुला कशी माहीत? यू वेअर नेव्हर देअर."

"होते गं. दाराबाहेर उभी असायचे."

"रोज?"

"रोज."

"मग आत का नाही आलीस?"

"फोन चालू असायचा," बाई म्हणाल्या.

अदितीने फोन उशीला टेकवून ठेवला. "पुन्हा म्हण ना. स्लोली लाह."

बाईंनी पुन्हा म्हटला. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मग पडद्यावर विनीताताईंचा चेहरा वाकून आला आणि त्या कुजबुजल्या, "प्रियदर्शिनीताई, बाळ टक्क जागं आहे हो. अदितीच झोपली."

सत्तावीस वर्षांत बाईंनी लेकीला पहिल्यांदाच झोपवलं होतं.