पावफेरे

गॅरेजच्या पाटीवर त्यांचं खरं आडनाव आहे, पण पाटी कोणी वाचत नाही. सगळे त्यांना पावफेरे म्हणतात. गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल, तर बारीक स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू पाव फेरा पिळायचा, हे त्यांचं औषध. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खरोखर लागू पडायचं. स्क्रू फिरवला की ते चहाचा भरलेला कप इंजिनवर ठेवत, चहा हलत नाही हे गिऱ्हाइकाला दाखवत आणि मग तोच चहा पिऊन टाकत.

पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आला. थ्रॉटलची झडप किती उघडी आहे हे आता सेन्सर सांगतो, आणि झडप पूर्ण मिटली आहे असं कळलं तरच कॉम्प्युटर उभ्या गाडीचा वेग सांभाळतो. ती मिटण्याची जागा तोच स्क्रू ठरवतो. म्हणून कारखान्यात तो बसवून वर रंगाचा ठिपका लावतात. कोणी हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. धाकट्या भावाने हे त्यांना अनेकदा समजावलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं ठरलेलं : ठिपके लावतात ते कंपनीच्या वर्कशॉपची पोटं भरावीत म्हणून.

गॅरेज दोघा भावांचं. दुरुस्त होऊन गेलेल्या गाड्या तीच तक्रार घेऊन परत यायला लागल्या आणि नंतर परत यायच्याही थांबल्या. त्याच सुमाराला एका टायरवाल्याने शेडसाठी विचारणा केली. धाकट्याला मोह पडला. पण थोरल्याला न विचारता होकार देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने एकच अट घातली. तक्रार घेऊन परत येणार नाही अशी एक गाडी दुरुस्त करून दाखवायची, मग टायरवाल्याला नकार.

गाडी आली ती घरचीच. थोरल्या बहिणीचे यजमान भाड्याने गाडी चालवतात, ऑफिसची माणसं ने-आण करतात. इंजिन तापलं की गाडी धडधडायची आणि थांबल्या जागी बंद पडायची. भावोजी म्हणाले, "शालकमहाराज, सिग्नलला मी जांभई देतो आणि झोपते ही."

पावफेऱ्यांनी त्या वेळी बरंच काही नीट केलं, हेही सांगायला हवं. प्लग काढून पाहिले. थ्रॉटलमधली काजळी पुसली. धाकट्याच्या मीटरवर सेन्सर तपासायचं ठरवलं, मीटर हातात घेतलासुद्धा. मग वायरी कुठे जोडायच्या यात घोळ झाला. धाकटा सुटे भाग आणायला बाहेर गेलेला, समोर भावोजी स्टुलावर बसून पाहत होते. मेहुण्यासमोर अडाणी दिसायला कोणाला आवडतं? त्यांनी मीटर बाजूला ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. ठिपका तडकून खाली पडला. पाव फेरा. इंजिन शांत चाललं. कप ठेवला, चहा हलला नाही. भावोजी खूश होऊन गेले. पावफेरे धाकट्याची वाट पाहत शेडच्या दारात उभे राहिले, आणि तो आल्यावर त्यांनी आपण होऊन काहीच सांगितलं नाही. त्याने विचारावं अशी त्यांची इच्छा होती.

इंजिन थंड होतं, एवढंच ते विसरले होते.

गाडी चौकात वळताना बंद पडली. मागे ट्रक होता, ट्रकवाल्याने शिव्या देऊन वेळ साजरी केली. कोणाला लागलं नाही, पण मागे बसलेल्या बाईंनी ऑफिसात तक्रार केली. भावोजी पावफेऱ्यांकडे परतले नाहीत. गाडी त्यांनी दुसऱ्या वर्कशॉपला नेली. तिथे कळलं, थ्रॉटलमागची एक रबरी नळी चिरली होती. तापली की चीर फाकायची आणि फालतू हवा आत जायची. नळी क्षुल्लक होती. पण स्क्रू हलल्यामुळे झडप किंचित उघडी राहायची आणि कॉम्प्युटरला वाटायचं, ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं भावोजी बहिणीपाशी म्हणाले. पावफेऱ्यांना ते काहीच बोलले नाहीत. रविवारी घरी बोलावलं, तब्येत विचारली, गाडीचा विषय काढला नाही.

बोलला तो धाकटा. शेडचं शटर अर्धं ओढून तो आत आला.

"स्क्रू फिरवायच्या आधी मीटर लावलास?"

"हातात घेतला होता."

"आकडा किती होता, दादा? आधीचा? तो असता तर वर्कशॉपवाल्यांनी स्क्रू परत तिथे आणून ठेवला असता. आता अख्खा थ्रॉटल बदलावा लागला."

पावफेरे म्हणाले, "पाव फेराच दिला होता. उलटा पाव फेरा दिला की झालं."

"नेमका पाव?"

हाताने दिलेला फेरा नेमका कसा असणार? आयुष्यभर तो अंदाजच होता. गाड्या जुन्या होत्या तोवर त्यांनी तो अंदाज चालवून घेतला, इतकंच.

"गाडीत बिघाड एकच होता," धाकटा म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही. "दुसरा आपण घातला."

तो 'आपण' म्हणाला, 'तू' नाही. पावफेऱ्यांना त्याचा जास्त त्रास झाला असावा, कारण ते उठून शटरबाहेर गेले.

टायरवाल्याला शेड मिळाली. गाडीखाली उतरायचा खड्डा राडारोड्याने भरून वर काँक्रीट ओतलं. धाकटा आता त्याच्याच काउंटरला बसतो. पावफेऱ्यांना चाकं काढायचं आणि हवा भरायचं काम आहे. हवा किती हे यंत्र सांगतं आणि पुरी झाली की तेच शिट्टी मारतं.

परवा एकजण हवा भरायला आला होता. इंजिन चालूच ठेवलेलं, बॉनेट थरथरत होतं. कोणीतरी नाव सांगितलं असणार, कारण तो म्हणाला, "पावफेरे तुम्हीच ना? जरा बघता का, उभी राहिली की धडधडते."

त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण फिरवून घट्ट केलं. गाडीकडे पाहिलं नाही.

"वर्कशॉपला दाखवा," ते म्हणाले आणि पुढच्या चाकाकडे सरकले.